गाठ पुन्हा येईल का?



मागच्या अंकातल्या दवाखान्याच्या वृत्तान्तात एक छोटी विनंती होती. गर्भपिशवीतल्या गाठी काढलेल्या एका पावरा बहिणीसाठी प्रार्थना करावी, एवढीच. ती वाचून शहरातल्या एका मंडळीच्या महिला मंडळाने मला पत्र लिहिले. त्यांच्यातल्या दोघींना हाच त्रास झाला होता. गाठी काढल्या आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा दिसल्या. गाठ पुन्हा होणार की नाही हे अगोदर सांगणारी रक्ताची तपासणी निघाली आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. तशी तपासणी असेल तर त्या बहिणीची करा, तिच्यासारख्या इतर जणींचीही करा, नाताळच्या फराळविक्रीचे पैसे आम्ही या कामाला देऊ, असे त्यांनी कळवले होते.

मी उत्तर पाठवले की या तपासणीसाठी पैसे देऊ नका. प्रेमाने दिलेल्या दानाला नाही म्हणायचे तर कारण नीट सांगायला हवे. ते एका पत्रात मावेना, म्हणून संपादकांकडे जागा मागितली.

आधी त्या बहिणीविषयी. तिच्या परवानगीने लिहिते आहे, पण नाव-गाव देत नाही. वय एकोणतीस, लग्नाला आठ वर्षे झालेली, एकदा गर्भपात झालेला, मूल नाही. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गुजरातेत जायचे आणि होळीच्या सुमारास सातपुड्यातल्या आपल्या पाड्यावर परतायचे, हा तिचा दरवर्षीचा क्रम. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला दोघींनी धरून आणले होते. 'अंगावरून फार जाते' एवढेच ती म्हणाली. हिमोग्लोबिन ५.८ होते. स्त्रीचे ते १२ च्या वर असावे लागते. दोन बाटल्या रक्त दिले, एक तिच्या दिराचे आणि एक आमच्या कंपाउंडरचे. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, शिरेतून लोह, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १० च्या वर गेल्यावर शस्त्रक्रिया. सोनोग्राफीत चार गाठी दिसल्या होत्या, त्यातली मोठी सात सेंटिमीटरची. काढल्या तेव्हा पाच निघाल्या. ही पाचवी गाठ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपल्याला भेटते. तिचे दुखणे नेमके कोणते होते ते सांगता येणार नाही, पण वर्षानुवर्षे अंगावरून जात राहिले की बाईचे काय होते ते मी रोज पाहते. जिना चढताना छाती धडधडते, भाकरी थापताना हात थकतो, आणि घरात तिचा शब्द हळूहळू कमी होत जातो. मार्क लिहितो की तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्च केले आणि तिचे दुखणे उलट वाढले. लूक स्वतः वैद्य होता. तो हीच हकीकत सांगतो, पण दुखणे वाढल्याचे मात्र सांगत नाही. व्यवसायबंधूंना सांभाळून घेण्याची आम्हा डॉक्टरांची सवय बरीच जुनी दिसते.

आता गाठीविषयी. गर्भपिशवीची भिंत स्नायूची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी बदलते आणि वाढू लागते. तिच्यापासून गोल, घट्ट, चेंडूसारखी गाठ तयार होते, तिला फायब्रॉइड म्हणतात. हा कर्करोग नव्हे. ती आजूबाजूला मुळे पसरत नाही, दुसऱ्या अवयवात जात नाही. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते आणि पाळी कायमची थांबली की बहुधा आकसते. ती किती सर्रास आढळते हे कळण्यासाठी अमेरिकेतला एक अभ्यास सांगते. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. सरसकट सोनोग्राफी करून पाहिले तेव्हा पन्नाशीपर्यंत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आणि गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ७० टक्के जणींना या गाठी होतात असे दिसले. त्यांतल्या कित्येकींना गाठ असल्याचा पत्ताही नसतो. हा लेख वाचणाऱ्या भगिनींपैकीही कितीतरी जणींना ती असेल, आणि तिने त्यांना कधी त्रास दिला नसेल.

त्या बहिणीच्या सासऱ्यांनी मला विचारले होते, 'शेतातल्या हरळीसारखे आहे का हे? वरून काढली तरी मुळी राहते आणि पुन्हा पसरते?' मी म्हटले, नाही. हरळीसारखा कर्करोग. हिचे निंदणीसारखे आहे. दिसले तेवढे तण तुम्ही मुळासकट काढता, पण मातीत बी असते आणि पुढच्या पावसात दुसरे तण उगवते. काढलेली गाठ परत येत नाही. पुन्हा येते ती दुसरीच गाठ. काही वेळा ती शस्त्रक्रियेच्या दिवशीही तिथेच असते, पण ज्वारीच्या दाण्याएवढी, ना सोनोग्राफीत दिसणारी, ना बोटाला लागणारी. आमच्या हाताला पाचवी गाठ लागली. सहावी नव्हतीच असे मी शपथेवर सांगणार नाही.

मग मातीत किती बी आहे हे रक्तातून कळणार नाही का? महिला मंडळाचा प्रश्न खरे तर हाच आहे, आणि तो मुळीच भाबडा नाही. आपण सर्वांनी सिकलसेलच्या शिबिरात पाहिलेच आहे की बोटातून एक थेंब रक्त घेतले की त्यावरून माणसाच्या आयुष्यातल्या एका मोठ्या गोष्टीचा माग लागतो. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा सगळा आधार असा थेंबच आहे. या बहिणीचाही तो तपासला होता. ती वाहक निघाली, म्हणजे तिच्यात एक जनुक सदोष आणि एक चांगले आहे. म्हणून लगेच तिच्या नवऱ्याचेही रक्त तपासले. तोही वाहक असता तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक झाली असती. तो वाहक नाही, त्यामुळे ती काळजी मिटली.

असा थेंब म्हणजे शास्त्राच्या भाषेत बायोमार्कर. मी त्याला 'खूण' म्हणते. सिकलसेलची खूण इतकी चोख का? कारण दोष जन्मापासून असतो, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, आणि तो एकाच ठरलेल्या जागी असतो. फायब्रॉइडचे तसे नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे.

२०११ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या संशोधकांनी २२५ गाठी तपासल्या. त्यांपैकी १५९ गाठींत, म्हणजे सुमारे ७० टक्के गाठींत, एमईडी१२ नावाच्या जनुकात बदल सापडला. हा फार मोठा शोध होता. इतक्या गाठींचा एक समान धागा त्याआधी कोणाला सापडला नव्हता. उरलेल्यांपैकी काहींत एचएमजीए२ नावाच्या दुसऱ्या जनुकाची उलथापालथ असते. अशा गाठी बऱ्याचदा मोठ्या आणि एकट्या असतात, तर एमईडी१२ वाल्या तुलनेने लहान पण संख्येने जास्त. पण हा बदल गाठीत असतो, त्या बाईच्या रक्तात नसतो. तो तिला आईबापांकडून आलेला नसतो. पिशवीतल्या एका पेशीत, कधीतरी, तिथल्या तिथे तो घडलेला असतो. म्हणून दंडातून काढलेल्या रक्तात तो शोधून सापडत नाही. शिवाय एकाच पिशवीतल्या वेगवेगळ्या गाठी तपासल्या तर बहुधा प्रत्येकीतला बदल निराळा निघतो. त्या एका आईच्या लेकी नसतात, एका गल्लीतल्या शेजारणी असतात. काढलेल्या गाठीचा तुकडा कितीही बारकाईने तपासला तरी शेजारी पुढे कोण राहायला येणार हे तो कसे सांगेल?

याहून मला पटलेला पुरावा दुसरा आहे. अमेरिकेत ७२ स्त्रियांच्या २६२ गाठी वर्षभर एमआरआयने पुन्हा पुन्हा मोजल्या. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत गाठींची वाढ सर्वसाधारणपणे ९ टक्के दिसली, पण काही गाठी दुपटीहून मोठ्या झाल्या आणि काही आपोआप आटल्या. आणि हे एकाच बाईत! एक गाठ वाढते आहे आणि तिला लागून असलेली दुसरी आकसते आहे, असेही घडले. त्या दोघींना मिळणारे रक्त एकच, त्यातली संप्रेरके तीच, जीवनसत्त्वे तीच. मग रक्तातला एकच आकडा दोघींचे भविष्य कसे सांगणार? महिला मंडळाच्या प्रश्नाचे माझे उत्तर मुख्यतः या गोष्टीवर उभे आहे.

संशोधक मात्र थांबलेले नाहीत, आणि त्यांनी थांबूही नये. गाठीत चिवट धाग्यांचा साठा करणारी प्रथिने, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारी प्रथिने, पेशी किती वेगाने विभागतात ते दाखवणारे रंग, मायक्रो-आरएनए नावाचे अगदी छोटे रेणू, असे बरेच काही तपासले जात आहे. 'ड' जीवनसत्त्वाचेही नाव यात येते. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व पुरेसे होते त्यांच्यात गाठी असण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी आढळली. पण गाठी असलेल्या आणि नसलेल्या बायकांत फरक दिसणे ही खुणेची पहिलीच पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी ती मोजून ठेवायची, मग पाच-दहा वर्षे त्याच बायकांची सोनोग्राफी करत राहायचे, आणि खूण खरी ठरली का ते पाहायचे. हे काम कष्टाचे, खर्चाचे आणि कंटाळवाणे असते, म्हणून फार थोडे झाले आहे. तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती खूण कळल्यामुळे आपण उपचारात काही वेगळे करणार आहोत का? सिकलसेलच्या खुणेने नवऱ्याची तपासणी झाली. फायब्रॉइड पुन्हा होईल की नाही यासाठी या तिन्ही पायऱ्या चढून दवाखान्यात रोजच्या वापराला आलेली एकही रक्ततपासणी आज नाही.

'बरोबर नसली तरी अंदाज तर येईल ना?' असा विचार मनात येतो. थोडा हिशेब करून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. शंभर बायकांच्या गाठी काढल्या आणि त्यांतल्या तीस जणींना पुढे पुन्हा होणार आहेत असे धरू. आपल्याकडे एक तपासणी आहे; ती पुन्हा होणाऱ्या दहांपैकी सात जणींना बरोबर ओळखते, आणि न होणाऱ्या दहांपैकी तीन जणींना उगाच 'होणार' म्हणते. ऐकायला वाईट वाटत नाही. पण मोजा. तीसपैकी एकवीस जणी बरोबर पकडल्या. सत्तरपैकीही एकवीस जणी चुकून पकडल्या. 'होणार' असा कागद हातात पडलेल्या बेचाळीस जणींपैकी निम्म्यांचा कागद खोटा. वर ज्या अठ्ठावन्न जणींना 'होणार नाही' म्हणून घरी पाठवले त्यांतल्या नऊ जणींना होणारच, आणि त्या आता निर्धास्त असल्यामुळे तपासायलाही येणार नाहीत.

खोट्या कागदाने काय होते ते आता सांगते, कारण ते याच बहिणीच्या घरात घडले.

शस्त्रक्रियेनंतर ऊसतोडीच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर गेली होती. तळावर राहणाऱ्या दुसऱ्या बायकांनी तिला सांगितले की गाठी परत येतातच, पिशवीच काढून टाक, मग खाडा नाही की दंड नाही. ही समजूत कोणत्या टोकाला जाते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. पिशवी काढली की फायब्रॉइड पुन्हा होत नाही, हे खरेच आहे. मुले झालेली आहेत, वय चाळिशीपुढचे आहे, औषधांनी रक्त थांबत नाही, अशा बाईला मीही तो सल्ला देते आणि ती सुखी होते. पण या मुलीला मूल हवे होते.

नवऱ्याने तिला जवळच्या शहरात नेले. तिथे एका प्रयोगशाळेत 'गाठीची सगळी तपासणी' म्हणून रक्त घेतले. त्यासाठी घरच्या दोन बकऱ्या विकाव्या लागल्या. कागदावर बारा-तेरा आकडे होते आणि त्यांतला एक लाल अक्षरांत होता: सीए-१२५, बावन्न. मर्यादा पस्तीस. काउंटरवरच्या माणसाने सांगितले, ही कर्करोगाची तपासणी आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवा. ती दोघे परत आली तेव्हा पाड्यावर बातमी आधीच पोहोचली होती. गाठ परत आली, आता कॅन्सर होणार. सासूबाईंनी दुसऱ्या सुनेची बोलणी सुरू केली होती. हे मला आमच्या सिस्टरने सांगितले. त्या स्वतः पावरा समाजातल्या आहेत आणि त्यांच्या कानावर सगळे येते.

सीए-१२५ हे काही बनावट प्रकरण नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या उपचारात त्याचा खरा उपयोग आहे. पण साध्या फायब्रॉइडमध्ये ते वाढते, पोटाच्या क्षयात वाढते, गरोदरपणाच्या सुरुवातीला वाढते, आणि पाळीच्या दिवसांतही वाढते. मी तिला विचारले, रक्त दिले तेव्हा तुझी पाळी कधी आली होती? म्हणाली, 'आदल्या दिवशी.' हे तिला कोणी विचारलेच नव्हते. सोनोग्राफी केली. पिशवी स्वच्छ, अंडाशय ठीक. शस्त्रक्रियेत काढलेल्या पाचही गाठींचा पॅथॉलॉजीचा अहवाल फाइलमध्येच होता: साध्या गाठी, कर्करोग नाही. सासूबाईंना बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवले. चित्रातले त्यांना काही कळले नसावे, पण मला हसताना पाहून त्याही जरा सैलावल्या.

मग तिला काय सांगायचे? पुढचे काहीच सांगता येत नाही का? येते. पण ते रक्तातून नव्हे, केसपेपरवरून, आणि ते फुकट आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ एक होती की अनेक, पिशवी केवढी होती, बाईचे वय काय, या तीन गोष्टी आजवरच्या कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त बोलतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १४५ स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात एकच गाठ काढलेल्यांपैकी ११ टक्के जणींना पाच वर्षांत पुन्हा गाठ दिसली. अनेक गाठी असलेल्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होते. वयाचे कारण सरळ आहे. तिशीच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पाळी थांबेपर्यंत पुढे वीस वर्षे असतात, पंचेचाळिशीत झाली तर थोडीच.

त्या हिशेबाने आपली बहीण नशीबवान नाही. पाच गाठी, तरुण वय. तिला मी ते लपवले नाही. पण त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकूण स्त्रियांपैकी ६२ टक्के जणींना पाच वर्षांत गाठ पुन्हा दिसली. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ९ टक्के. सोनोग्राफीत गाठ दिसणे आणि गाठीने त्रास देणे यांत एवढे अंतर आहे. इटलीत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, सहाशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात दहा वर्षांत २७ टक्के हा आकडा निघाला. आकडे एवढे वेगळे निघायला एक कारण पुरते. वाटाण्याएवढी गाठही पुन्हा झाली म्हणून मोजायची की त्रास सुरू झाल्यावरच मोजायचे, त्यावर उत्तर बदलते. महिला मंडळातल्या त्या दोघी भगिनींना माझे सांगणे आहे: दिसलेली गाठ त्रास देत नसेल, अंगावरून जास्त जात नसेल, हिमोग्लोबिन ठीक असेल, तर तुम्ही त्या ९ टक्क्यांत आहात असे धरून चालू नका.

दोन्ही अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर बाळंत झालेल्या स्त्रियांत गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आढळले. हे मी त्या बहिणीला सांगितले नाही. कदाचित बाळंतपणामुळे गाठी खरेच कमी होत असतील. पण ज्यांना गाठी पुन्हा झाल्या नाहीत त्यांनाच मुले होणे सोपे गेले असेल, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. मूल होण्यासाठी आधीच इतका दाब असलेल्या घरात 'मूल झाले की गाठी जातात' अशी नवी म्हण मला पसरवायची नव्हती.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाही तर हा लेख अपुरा राहील. फार थोड्या कुटुंबांत एफएच नावाच्या जनुकातला दोष आईबापांकडून मुलांकडे येतो. अशा घरातल्या स्त्रियांना विशीतच पुष्कळ आणि मोठ्या गाठी होतात, त्वचेवर दुखऱ्या बारीक गाठी असतात, आणि घरात कोणाला तरी लहान वयात मूत्रपिंडाचा कर्करोग झालेला असतो. इथे जनुकाची तपासणी खरोखर कामाची आहे, कारण तिच्यामुळे त्या बाईच्या आणि तिच्या भावंडांच्या मूत्रपिंडांवर वेळीच लक्ष ठेवता येते. अशी हकीकत मिळाली तर मी स्वतः रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवीन आणि तेव्हा आपल्याकडे खर्चासाठी हातही पसरीन. या बहिणीच्या माहेरी-सासरी तसे काही नाही.

महिला मंडळाला मी दुसऱ्या पत्रात लिहिले की पैसे द्यायचेच असतील तर जीपभाड्यासाठी द्या. ते हसतील असे वाटले होते, पण त्यांनी लगेच मान्य केले. गाठी काढलेल्या बाईला पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा बोलवायचे, हिमोग्लोबिन पाहायचे, सोनोग्राफी करायची, आणि पाळी किती दिवस जाते, किती कपडे लागतात ते सिस्टरने शांतपणे विचारायचे. एवढे झाले तर गाठ पुन्हा आलीच तरी ती लहान असतानाच, रक्त आटण्याआधी, कळते. त्यावर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचे औषधी साधन आहे, आणि ज्यांना मूल हवे त्यांच्यासाठी योग्य वेळ गाठण्याची संधी आहे. अडचण यंत्राची नाही, येण्याची आहे. पाड्यावरून दवाखान्यात यायला एक दिवसाची मजुरी बुडते आणि दोघांचे भाडे लागते. आम्ही आधी तारखा डिसेंबर-जानेवारीत द्यायचो आणि बायका येत नाहीत म्हणून चिडायचो. त्या वेळी त्या उसाच्या फडात असतात हे लक्षात यायला आम्हाला दोन वर्षे लागली. आता सगळ्या तारखा होळीनंतरच्या असतात.

आणखी एक बदल केला आहे. सिकलसेलचे जसे कार्ड असते तसे गाठीचे कार्ड सुरू केले. त्यावर किती गाठी काढल्या, सर्वांत मोठी केवढी, पिशवी आतून उघडावी लागली का (पुढे बाळंतपण कसे करायचे ते त्यावर ठरते), हिमोग्लोबिन, सिकलसेलचा निकाल आणि पुढची तारीख एवढेच लिहितो. हंगामात दुसऱ्या राज्यात काही झाले तर तिथल्या डॉक्टरला निदान हे कळेल. आतापर्यंत अकरा जणींना कार्डे दिली आहेत.

त्या बहिणीने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून नव्या करारात ठेवले आहे. लाल आकड्याचा कागद तिने मला देऊन टाकला, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. शस्त्रक्रियेला आता वर्ष होत आले, हिमोग्लोबिन ११.४ आहे आणि पाळी चार दिवसांत आटोपते. मागच्या भेटीत सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, गाठ परत येणार का? मी म्हटले, 'येऊ शकते. आली तर आपण पाहू.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सिस्टरला विचारू लागल्या की होळीनंतरच्या भेटीला जीप किती वाजता निघेल.